अठरा फडकी

"मग आता राहिलं काय, वस्ताद?"

जोतिरामनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले. उत्तर त्याला ठाऊक होतं. काहीच राहिलं नव्हतं.

गडहिंग्लजच्या आजरा रोडवरच्या त्या पत्र्याच्या गॅरेजात तो अकरा वर्षं राबला होता. आता नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. गिऱ्हाईक दस्तगीर वस्तादांना नमस्कार करायचं आणि गाडी मात्र जोतिरामपुढं लावायचं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा व्हायची होती आणि त्याच्या हातात पाना यायचा होता.

या पान्याबद्दल आधी सांगायला हवं. बारा-तेराचा एक जुना पाना. वस्तादांच्या वस्तादांचा, मिरजेहून आलेला. तो हिरव्या कापडात गुंडाळून लाकडी पेटीत असायचा. शागीर्द तयार झाला की वस्ताद खंडेनवमीला तो त्याच्या हातात द्यायचे. शागिर्दानं आपल्या नव्या गॅरेजातला पहिला नट त्यानं आवळायचा आणि पाना परत आणून द्यायचा. त्याच्याशिवाय गॅरेज काढायला कुणाची मनाई नव्हती. पण आजवर तसं कुणी काढलंही नव्हतं.

जोतिरामनं संकेश्वर रोडला गाळा बघून ठेवला होता. पाटीसुद्धा रंगवून घेतली होती. बाजारात तुरी म्हणतात तसला प्रकार, पण त्याला तसं वाटत नव्हतं.

वस्तादांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली.

"फियाटच्या दारांची रबरं साफ कर," ते म्हणाले.

जोतिराम त्यांच्याकडे बघतच राहिला.

"रबरं?"

"चारी दारांची."

त्याला कानाखाली बसल्यासारखं झालं. काचा पुसणं, रबरं पुसणं ही गाडी धुणाऱ्याची कामं. गॅरेजात पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला देतात ती. पाना मिळायच्या आदल्या दिवशी त्याला असलं काम? पण वस्तादांपुढं उलट बोलायची त्या गॅरेजात रीत नव्हती.

गॅरेजात तसे आता दोघंच होते. श्रावणापर्यंत तिसरा एक होता, बाबासो लोहार. पत्र्याचे पोचे काढणारा कारागीर, पंचवीस वर्षं वस्तादांच्या हाताखालचा. अलीकडे त्याची नजर जरा कमी झाली होती. त्याच्या कामात जिथं उंचसखल दिसेल तिथं जोतिराम खडूनं गोल काढायचा. एकदा एकाच बॉनेटवर, गिऱ्हाइकाच्या समोर, त्यानं चौदा गोल काढले. बाबासोनं ते मोजले, हातोड्या पिशवीत भरल्या आणि कुणाला काही न बोलता गेला.

"बरं झालं वस्ताद, गॅरेज साफ झालं," जोतिराम तेव्हा म्हणाला होता.

वस्ताद तेव्हा फियाटकडे निघून गेले होते. तसे ते कमीच बोलत.

फियाट त्यांची स्वतःची. साय जमलेल्या दुधाच्या रंगाची, मागच्या झाडाखाली उभी असायची. दारांच्या कडेचं रबर, ज्याला गिऱ्हाइकं बीडिंग म्हणतात, ते चाळीस वर्षांपूर्वी गाडीबरोबर आलेलं. तसलं आता बाजारात शोधून मिळत नाही. दर नवरात्रात वस्ताद पाट टाकून बसायचे आणि स्वतः ते पुसायचे. अकरा वर्षं जोतिराम शेजारून ये-जा करत होता. वस्ताद नेमकं काय करतात हे त्यानं एकदाही वाकून बघितलं नव्हतं. रबर पुसण्यात बघायचं काय?

वस्ताद घरी जेवायला गेले आणि जोतिराम कामाला लागला.

करायचंच तर असं करायचं, की वस्तादांनी तोंडात बोट घातलं पाहिजे. त्यानं डब्यात पेट्रोल घेतलं. ताठ केसांचा ब्रश घेतला. बनियनच्या कापडाची पांढरी फडकी फाडून ढीग केला. पहिलं फडकं पेट्रोलात बुडवून पुढच्या दाराच्या रबरावरून दाबून फिरवलं.

फडकं काळंकुट्ट झालं.

जोतिराम चाटच पडला. वस्तादांची गाडी, दर वर्षी पुसलेली, आणि एवढा मळ! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याला आतून बरंही वाटलं. म्हणजे वस्तादांच्या हातूनसुद्धा काही राहतं तर.

दुसरं फडकं काळं झालं. तिसरंही. त्यानं ब्रश घेतला आणि रबराच्या खाचांतून खसाखसा घासलं. चौथं, पाचवं. तो जितकं घासायचा तितकं काळं निघायचं, आणि जितकं काळं निघायचं तितका त्याला जोर यायचा. घाम डोळ्यांत उतरला तरी तो थांबला नाही. स्वच्छ करायचं म्हणजे फडकं पांढरं राहीपर्यंत, हा त्याचा हिशेब. अर्धवट कामाचा त्याला मनापासून तिटकारा होता.

तीन दारं झाली. वर चमक यावी म्हणून त्यानं तळहातानं इंजिन ऑइल चोळलं. रबर काजळासारखं चमकायला लागलं.

मग त्यानं ती काळी फडकी दोरीवर ओळीनं वाळत घातली. मोजली. अठरा. साक्षीला एवढी पुरे होती.

तिसऱ्या प्रहरी असरची नमाज पढून वस्ताद आले. अंगात धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. ते दोरीपाशी थांबले.

"हे काय?"

"मळ, वस्ताद. अठरा फडकी." जोतिराम हसला. "चाळीस वर्षांचा साठला होता. तुमच्या हातनं निघाला नसता."

वस्तादांनी एकेक फडकं उचलून बघितलं आणि परत दोरीवर ठेवलं. त्यांना घाई नव्हती. अठरावं ठेवून झाल्यावर ते गाडीकडे वळले.

"संपला?"

"जरा जरा येतोय अजून."

"पूस."

जोतिरामनं नवं फडकं ओलं करून फिरवलं. काळं आलं.

"पूस."

पुन्हा काळं.

"कधी संपंल?"

"येईल की तळ..." जोतिराम म्हणाला. पण आवाजातला जोर जरा कमी झाला होता.

वस्ताद आत गेले. फळीवरून त्यांनी एक गुंडाळी आणली. कालच कोल्हापूरहून आलेलं, दुसऱ्या एका गाडीचं कोरं रबर, अजून पिशवीत बंद. त्यांनी पिशवी फाडली आणि गुंडाळी जोतिरामपुढं धरली.

"हे पूस."

"हे नवं हाय, वस्ताद."

"पूस."

म्हातारपणाचा चळ असावा, असं जोतिरामच्या मनात येऊन गेलं. त्यानं पांढरंशुभ्र फडकं घेतलं, पेट्रोलात बुडवलं, कोऱ्या रबरावरून एकदा फिरवलं आणि उलगडून बघितलं.

काळं.

त्यानं दुसरं फडकं घेतलं. वारं न लागलेल्या, धूळ न बसलेल्या जागेवरून फिरवलं.

तेही काळं.

...

जोतिराम हबकला. त्याला आधी काही उमगेचना. हातातल्या फडक्याकडे बघावं, की त्या कोऱ्या रबराकडे?

"ह्याच्यावर मळ कुटनं आला?" वस्तादांनी विचारलं.

जोतिरामनं फडकं खाली ठेवलं. त्यानं दोरीकडे बघितलं. अठरा फडकी वाऱ्यावर हलत होती. मग तो दाराकडे गेला आणि रबराला बोट लावलं. काम सुरू करताना ते कानाच्या पाळीसारखं मऊ होतं, दाबलं की परत जागेवर येणारं. आता ते बोटाला चिकटलं. कोपऱ्यात वळणावर बारीक भेगा उठल्या होत्या. नख लागलं तिथं तुकडा निघून हातात आला.

त्यानं तो तुकडा तळहातावर धरला.

"वस्ताद... हे समदं..."

"व्हय."

"म्हंजे मी दुपारपासनं..."

"व्हय."

दोरीवर मळ नव्हता. दोरीवर वस्तादांच्या गाडीचं रबर वाळत होतं. त्यानं स्वतःच्या हातानं खरवडून काढलेलं, ओळीनं मांडलेलं, मोजलेलं. चाळीस वर्षं ऊन-पावसात टिकलेली वस्तू त्यानं एका दुपारात संपवली होती, आणि वर तिला तेल लावून चमकवली होती.

वस्ताद रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी नळाच्या पाइपकडे बोट केलं.

त्या गॅरेजात एक रीत होती. रबराचं काम झालं की करणाऱ्यानं गाडीत बसायचं, दारं लावून घ्यायची आणि दुसऱ्यानं वरून पाणी सोडायचं. काम चांगलं झालं असेल तर माणूस कोरडा बाहेर येतो. नसेल तर भिजतो आणि पुढच्या वेळी नीट करतो. जोतिराम निमूटपणे पुढं झाला आणि त्यानं दार उघडलं. भिजायला तो तयारच होता, किंबहुना त्याला भिजायचंच होतं.

वस्तादांनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं सारलं. आणि स्वतः आत बसले.

"वस्ताद, करणाऱ्यानं बसायचं असतंय."

"मग?" वस्ताद म्हणाले. "अकरा वरसं तुला कोन घडवतंय?"

त्यांनी दार ओढून घेतलं. दार एका झटक्यात बसलं नाही, फुगलेल्या रबरावर अडलं. दुसऱ्यांदा ओढल्यावर बसलं.

जोतिराम पाइप हातात धरून तसाच उभा राहिला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, नमाजीचे कपडे अंगावर. काचेआडून वस्तादांनी मान हलवली.

त्यानं पाणी सोडलं.

पाणी टपावरून ओघळलं, दाराच्या वरच्या कोपऱ्यात जमलं आणि आत शिरलं. आधी एक थेंब वस्तादांच्या खांद्यावर पडला. मग धार लागली. टोपी भिजली. सदरा अंगाला चिकटला, आणि कडेचं काळं पाणी त्या पांढऱ्या कापडावरून रेघा ओढत खाली आलं. वस्ताद हलले नाहीत. समोर बघत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

जोतिरामला ते बघवेना. त्यानं पाइप टाकून दिला आणि नळाकडे धावला.

वस्ताद बाहेर आले. त्यांनी टोपी पिळली आणि पाट मागितला.

चौथं दार अजून राहिलं होतं.

त्या दारापाशी ते पाट टाकून बसले, ओल्या कपड्यांनिशी. जोतिराम शेजारी उकिडवा बसला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो असा वाकून बघत होता.

वस्तादांनी साध्या पाण्यात फडकं भिजवलं, घट्ट पिळलं. रबरावरून वरून खाली एकदा फिरवलं, बाळाचं तोंड पुसावं इतक्या हलक्या हातानं. फडक्यावर तांबडी धूळ आली. रस्त्याची, गडहिंग्लजची. फडकं उलटं करून दुसऱ्यांदा फिरवलं. थोडी धूळ आली आणि तिच्याबरोबर पुसटशी काळी छटा.

वस्तादांनी फडकं बाजूला ठेवून दिलं.

जोतिरामला राहवलं नाही. "अजून निघंल, वस्ताद."

"निघंल," वस्ताद म्हणाले.

आणि त्यांनी फडक्याला पुन्हा हात लावला नाही. रबर वाऱ्यावर कोरडं होऊ दिलं. मग औषधाच्या जुन्या बाटलीतून ग्लिसरीनचे दोन थेंब बोटावर घेतले आणि ते बोट रबराच्या कडेनं सावकाश फिरवत नेलं. कोपऱ्यात जरा थांबले, तिथं आणखी एक थेंब दिला. झालं. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ.

चमक काही आली नाही. रबर जसं होतं तसंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतिराम गॅरेजात आला तो मान खाली घालून. न येण्याची त्याला जास्त लाज वाटली असती. पान्याची आशा त्यानं सोडली होती. पाटी त्यानं घरी भिंतीकडं तोंड करून ठेवली होती.

हत्यारं पोत्यावर मांडली होती. त्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं. शेजारचा पंक्चरवाला आला, समोरचा चहावाला आला. नारळ ठेवला होता. कोण फोडणार, असं पंक्चरवाल्यानं विचारलं आणि सगळेच एकमेकांकडे बघायला लागले. दर वर्षी तो बाबासो फोडायचा.

"ऱ्हाऊ दे तसाच," वस्ताद म्हणाले.

मग वस्तादांनी हाक मारली.

"जोत्या, पेटी उघड."

जोतिरामला खरं वाटेना. कालच्या प्रकारानंतर? त्यानं वस्तादांच्या तोंडाकडे बघितलं. तिथं राग नव्हता, थट्टाही नव्हती. तो पेटीशी गुडघ्यांवर बसला आणि झाकण उघडलं. हिरवं कापड होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी बाहेर काढलं, कपाळाला लावलं आणि घडी उलगडली. आणखी एक घडी उलगडली.

आत काहीच नव्हतं.

त्यानं पेटी चाचपली, कापड झटकलं. साठ वर्षांचा पाना!

"वस्ताद, पाना न्हाई."

"न्हाईच."

"चोरीला गेला?"

"बाबासोकडं हाय," वस्ताद म्हणाले. "श्रावणात गेला त्या दिवशी मीच त्येच्या पिशवीत घातला."

जोतिरामनं हातातल्या मोकळ्या कापडाकडे बघितलं. म्हणजे तो गाळा बघत होता, पाटी रंगवून घेत होता, तेव्हा पेटी रिकामीच होती. त्या चौदा गोलांच्या दिवसापासून रिकामी होती. तो 'गॅरेज साफ झालं' म्हणाला, त्या दिवसापासून.

पंक्चरवाला आणि चहावाला दोघंही जमिनीकडे बघत होते. त्यांना हे आधीच ठाऊक असावं.

"गाळा घेतलायस न्हवं?" वस्ताद म्हणाले. "पाना लागंल."

"त्यो मला दील काय, वस्ताद?"



वस्तादांनी पोत्यावरचा न फोडलेला नारळ उचलला आणि जोतिरामच्या हातात ठेवला. जोतिरामचे डोळे भरून आले. त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. कालच्या भिजण्यानं वस्तादांना बारीक कणकण आली होती. पाय गरम लागले.

तो उठला आणि दाराकडे निघाला. पत्र्याच्या दाराशी पोचून त्यानं बाबासोकडं जायला मोटारसायकलची किल्ली काढली, आणि नारळ त्याच हातात धरून सवयीनं खांद्यावरचं फडकं सारखं केलं.

"जोत्या..."

तो वळला.

"फडकं हितंच ठेव."